भूक कोणाची कर्ती?

एका व्याख्यानात वक्ते म्हणाले, "भूक ही मुळात इच्छा आहे. शब्दच पाहा, बुभुक्षा. मन आवरा, भूक आवरेल." लोकांनी माना डोलावल्या. मला मात्र ते वाक्य डाचत राहिलं. व्युत्पत्ती बरोबर होती. 'भुज्' धातूला इच्छार्थी प्रत्यय लागून बुभुक्षा होते आणि प्राकृतातून तिचीच आपली भूक होते. जिज्ञासा, पिपासा याच घडणीच्या. तरी निष्कर्ष पटेना.

उत्तर शोधायला लॅटिनकडे गेलो, तर पहिली साक्ष वक्त्यांच्याच बाजूने निघाली. 'एसुरिओ', म्हणजे 'मी भुकेला आहे', हे क्रियापद 'एदो', म्हणजे 'मी खातो', यावरून घडलेलं इच्छार्थीच. या प्रत्ययाची ताकद रोमन राजकारणी सिसरोने ओळखली होती. इ. स. पू. ४९ मध्ये आपला मित्र अ‍ॅटिकसला लिहिताना त्याने सेनापती पॉम्पीसाठी 'सुल्लातुरित' असं क्रियापद घडवलं: हा दुसरा सुल्ला, म्हणजे हुकूमशहा, होऊ पाहतो आहे. येऊ घातलेल्या हुकूमशाहीचं सगळं भय त्या एका प्रत्ययात मावलं आहे.

पण लॅटिनमध्ये भुकेसाठी नाम आहे ते वेगळं, 'फमेस'. त्यात इच्छेचा प्रत्यय नाही. माणसाची भूक आणि मुलखावरचा दुष्काळ, दोन्हींना हाच शब्द. व्याकरणं त्याला नामांच्या तिसऱ्या गणात बसवतात, पण तो तिथे नीट बसत नाही. 'भुकेने' या अर्थाच्या 'फमे' या रूपाचा शेवटचा स्वर लुक्रेशियस आणि व्हर्जिल या कवींच्या वृत्तात दीर्घ येतो, म्हणजे पाचव्या गणासारखा. केटो आणि लुसिलियस या जुन्या लेखकांनी षष्ठीचं 'फमी' हे रूप वापरल्याची नोंद ग्रंथकार गेलियसने ठेवली आहे. जुन्या घराची वीट नव्या भिंतीत राहावी तशी ही रूपं राहिली आहेत.

फमेसचं मूळ इच्छेहून वेगळं निघेल आणि वक्त्यांना उत्तर मिळेल, अशी माझी अपेक्षा होती. पण त्या मुळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. मग प्रश्न पडला की मूळ सापडलं असतं, तरी त्याने काय सिद्ध झालं असतं? शब्दाचा जन्म कुठे झाला यावरून भुकेचा स्वभाव ठरत नाही. लोक तो शब्द वाक्यात कसा चालवतात, ही साक्ष जास्त मोलाची. मराठीत 'मी भुकतो' असं कोणी म्हणत नाही. मला भूक लागते. वाक्याची कर्ती भूक आहे आणि मी चतुर्थीत उभा आहे. इच्छा सांगायची तर आपण 'खावंसं वाटतं' म्हणतो. जेवून उठलेल्यालाही जिलबी खावीशी वाटते, पण त्याला भूक लागलेली नसते. बुभुक्षेतला इच्छेचा प्रत्यय मराठीने केव्हाच मागे टाकला.

कर्ती भूक असते, माणूस नव्हे, हे रोमन कवी ओव्हिडनेही ओळखलं होतं. 'मेटामॉर्फोसेस'च्या आठव्या सर्गात फमेस ही देवता झोपलेल्या एरिसिक्थॉनच्या अंगात स्वतःला फुंकते. त्याने काही मागितलेलं नसतं. तो झोपेत असतो. पुढे सगळं खाऊन संपवल्यावर तो स्वतःचेच अवयव खातो.

आणि खुद्द रोममध्ये इ. स. पू. ५७ साली धान्याची टंचाई होऊन लोक दंगलीवर उतरले, तेव्हा त्यांना मन आवरायला सांगून भागलं नाही. सिसरोच्या प्रस्तावावरून धान्यपुरवठ्याची जबाबदारी पाच वर्षांसाठी पॉम्पीकडे देण्यात आली.