पुडीवरचं एक नाव

आयोडीनयुक्त मिठाच्या पिशवीमागे बारीक अक्षरांत एक नाव असतं: पोटॅशियम आयोडेट. रोज हाताखालून जाणारी पिशवी, पण ते नाव आपण क्वचितच वाचतो. थांबून वाचलं, तर त्यात बरंच काही सांगितलेलं असतं. एक अणू पोटॅशियमचा, एक आयोडीनचा, आणि शेवटचं ‘एट’ सांगतं की सोबत ऑक्सिजनही आहे. इथे त्याचे तीन अणू. तेच नाव ‘आयोडाइड’ असतं, तर ऑक्सिजन नसता. आयोडीन दोघांतूनही मिळतं. पण आपल्याकडच्या उष्ण, दमट हवेत आयोडाइडमधलं आयोडीन लवकर उडून जातं, आयोडेटमधलं टिकतं. म्हणून भारतात मिठात आयोडेट घालतात. गलगंडापासून घरादाराला जपण्याचं काम नावाच्या एवढ्याशा शेपटाशी जोडलेलं आहे.

नावं अशी बोलकी नेहमीच नव्हती. युरोपात एका पांढऱ्या क्षाराला पूर्वी ‘शिशाची साखर’ म्हणत. चवीला गोड, म्हणून साखर. प्रत्यक्षात ते विष होतं, आणि नावातून त्याचा सुगावा लागत नव्हता. 1787 साली पॅरिसमध्ये लव्हॉझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी नवी पद्धत मांडली: पदार्थ कशाचा बनला आहे, ते त्याच्या नावातच यावं. आठवी-नववीची मुलं आज संयुगांची नावं शिकतात, ती याच विचाराच्या वाटेने.

या मुलांची धास्ती मला समजते. संयुजांचा तक्ता, मूलकं, तिरकस गुणाकार, सगळं एकदम अंगावर येतं. मग सूत्रं पाठ केली जातात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. त्यापेक्षा एकेका घटकाशी ओळख करून घेणं सोपं. कॅल्शियमची संयुजा 2, ती कुठल्याही संयुगात तशीच राहते. हायड्रॉक्साइडची 1. म्हणजे चुन्याच्या निवळीत एका कॅल्शियमबरोबर दोन हायड्रॉक्साइड हवेत. इथे हात थोडा सावकाश चालू द्यावा. हायड्रॉक्साइडभोवती कंस घालायचा आणि 2 हा आकडा कंसाबाहेर, खाली लिहायचा. कंस घालायचा राहिला, तर तो 2 फक्त हायड्रोजनला लागतो आणि ऑक्सिजन एकच उरतो. अक्षरांचंही तसंच. मोठा ‘सी’ आणि त्यापुढे लहान ‘ओ’ म्हणजे कोबाल्ट, एक धातू. दोन्ही अक्षरं मोठी काढली की झाला कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू. सूत्र लिहून झालं की धन आणि ऋण प्रभारांची बेरीज शून्य येते का, एवढं पाहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण ही सवय लागली की बरोबर-चूक कुणाला विचारावं लागत नाही. मुलाला स्वतःलाच कळतं, आणि त्या कळण्याने जो धीर येतो तो फार मोलाचा असतो. निफाडकडच्या द्राक्षबागाईतदाराच्या घरी मोरचूद आणि चुना दोन्ही असतात. प्रत्येकी एक किलो, शंभर लिटर पाण्यात, असं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण तिथे नेहमीचं. त्या घरातल्या मुलीला सल्फेटची संयुजा 2 हे एकदा समजलं, की मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेटचं सूत्र ती आपलं आपण मांडू शकते.

शाळा सुटून वर्षं झालेल्या आपल्यालाही हे जमण्यासारखं आहे. दिवसाला एक नाव पुरे. खायच्या सोड्याची पुडी, जुलाबात द्यायच्या क्षार-संजीवनीचं पाकीट, टूथपेस्टची ट्यूब, जे हाताशी येईल ते. काही नावं तर जिवाशी गाठ घालणारी असतात. कार्बन डायऑक्साइड आपण प्रत्येक उच्छ्वासातून बाहेर टाकतो. त्यातला एक ऑक्सिजन कमी झाला की तो मोनॉक्साइड; बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू राहिला तर साचू शकतो, त्याला ना रंग ना वास. ‘मोनो’ आणि ‘डाय’मधला फरक ज्याला माहीत आहे, तो आंघोळीआधी झरोका उघडा आहे ना, हे पाहील. आज ऑफिसला निघण्यापूर्वी पाच मिनिटं असतील, तर घरात कुणाच्या तरी लोहाच्या गोळ्यांची पट्टी असेल ती उचला. त्यावर बहुधा ‘फेरस’ लिहिलेलं असेल. फेरस म्हणजे काय आणि फेरिक म्हणजे काय, हे नववीतल्या लेकाला किंवा लेकीला विचारा. मार्कांचा विषय काढू नका. त्यांना सांगता आलं तर नीट ऐकून घ्या, नाही आलं तर संध्याकाळी दोघं मिळून लोहाच्या दोन संयुजांचं पान उघडा.