बक्षीस कोणाच्या पैशाचे?

महाराष्ट्रात जुगाराचा अड्डा चालविणे १८८७च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याच राज्यात शासनाची स्वतःची लॉटरी १९६९पासून विकली जाते. मग कायद्याला संमत ते सारे हलालही ठरते काय? सूरह अल-बकराच्या २१९व्या आयतीत दारू व जुगारात लोकांसाठी काही लाभ असल्याचे मान्य केले आहे. मात्र त्यांचे पाप लाभाहून मोठे ठरविले आहे.

हा निकष पाचोऱ्याच्या मैदानावर लावून पाहा. क्रिकेट स्पर्धेत सर्व संघांची प्रवेश फी गोळा करून तीच विजेत्याला दिली, तर पोलीस कदाचित येणार नाहीत. पण फिकहच्या दृष्टीने तो जुगारच, कारण एकाचा लाभ दुसऱ्याच्या हानीतून येतो. फी चेंडू, मैदान व पंचांवर खर्चावी. बक्षीस स्पर्धेबाहेरच्या दात्याने द्यावे. खेळ निषिद्ध नाही, प्रेषित (स.) स्वतः हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावत.

१९६७च्या अधिनियमान्वये शासन वाचनालयांना अनुदान देते. मुलांना तेथे नेण्याचे काम मात्र आपलेच. शासनाची देखरेख उंबरठ्याशी थांबते. त्यापुढचा जाब अल्लाह आपल्याला विचारणार आहे.