झरा कुणाचा?

1972 च्या दुष्काळापर्यंत आमच्या विहिरीवर मोट होती. बैल दमले की उपसा थांबायचा आणि रातोरात झरे विहीर पुन्हा भरायचे. आता मी अंथरुणातनंच मोबाईलवरून बोअरची मोटार चालू करतो. रात्रीची लाइट आली म्हणून रानात जायला नको, विंचूकाट्याचं भ्या नाही. सोय मोठीच.

परवा बांधाशेजारच्या आक्का म्हणाल्या, "तुझं बोअर पडलं आन् आमची हीर आटली बघ."

सातबारा दाखवून त्यांना गप्प करता आलं असतं. पण सातबाऱ्यावर जमिनीची मालकी लिहिलेली असते, खालच्या झऱ्याची नाही.

आता दिवसाआड त्यांच्या हौदात पाणी सोडतो. तेवढ्यानं हिशेब मिटत नाही, हे मला ठाऊक आहे. बैल होते तेव्हा थांबणं आपोआप व्हायचं. आता ते मलाच ठरवायला लागतं.