वारसाची वाट

माणसे देवाच्या अवताराची वाट पाहतात, हे मला ठाऊक होते. यंत्राच्या अवताराचीही वाट पाहतात, हे मात्र मला गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर कळले.

मूलजवळच्या आमच्या घराच्या पडवीत थोरल्या भावाची यामाहा आरएक्स 100 उभी होती. दादा जाऊन चौदा वर्षे झाली. तेव्हापासून तिला कोणी किक मारली नव्हती. ती पाहायला चंद्रपूरहून एक गृहस्थ आले. आल्या आल्या त्यांनी चपला काढल्या. मला वाटले, घरात येतील. पण ते गाडीपुढेच उकिडवे बसले. टाकीवरून त्यांनी हात फिरवला, सायलेन्सर न्याहाळला आणि हलक्या आवाजात मला विचारले, "मास्तर, नवी येणार म्हणतात. तुम्हाला काय वाटते?"

मला यंत्रातले काय कळणार? पण त्यांच्या डोळ्यांत जी आशा होती ती पाहून मी गप्प राहिलो. ही गाडी 1985 साली आपल्या देशात आली आणि 1996 साली तिचे उत्पादन थांबले. 98 सीसीचे इंजिन, 11 अश्वशक्तीच्या आसपास ताकद आणि वजन जेमतेम 100 किलोच्या आगेमागे. श्रीमंतांच्या मुलांना दोन दारांच्या स्पोर्ट्स कार असतात. आमच्या झाडीपट्टीतल्या पोरांची स्पोर्ट्स कार हीच. भाऊबीजेनंतर नाटकांचा हंगाम सुरू झाला, की दादा मला मागे बसवून रात्रीच्या नाटकाला नेई. सावली, व्याहाड मागे टाकून वैनगंगेच्या पुलाकडे निघालो, की त्या गाडीची किंकाळी रात्र चिरीत जाई आणि मला आपण कोणी राजपुत्र आहोत असे वाटे.

त्या गृहस्थांनीच मला पुढचे समजावून दिले. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला पेट्रोल पेट घेते. म्हणून ते हलके, चपळ आणि तसे ओरडणारे. पण त्याच रचनेमुळे थोडे पेट्रोल न जळताच बाहेर निसटते, आणि सोबत ऑइलही जळते. तो निळसर धूर म्हणजे हाच. धुराचे नियम कडक झाले आणि गाडी बंद पडली. तिचा गुण आणि तिचा दोष एकाच पिस्टनच्या पोटी जन्मले होते. आता नवी यायची तर ती फोर-स्ट्रोक येणार, दोन फेऱ्यांना एकदा पेटणार. म्हणजे भक्तांना हवा असलेला आवाज आणि कायद्याला हवी असलेली हवा एका नळीतून निघणे कठीण.

"मग तुम्ही वाट कशाची पाहता?" मी विचारले.

ते हसले. "तिचीच," म्हणाले.

हा वेडेपणा आपल्याकडेच आहे असे नाही. जपानच्या टोयोटा कंपनीची सुप्रा नावाची खरीखुरी स्पोर्ट्स कार 2002 साली बंद झाली. जगभरच्या शौकिनांनी सतरा वर्षे तिच्या वारसाची वाट पाहिली. 2019 साली तो आला. पण त्याचे इंजिन बीएमडब्ल्यूचे निघाले! नाव घरचे आणि काळीज शेजारच्याचे, म्हणून कित्येकांनी नाके मुरडली. आपल्या पुण्याकडचा चेतकही 2020 साली परत आला, तो विजेवर चालणारा. स्कूटर एका बाजूला कलंडून मग किक मारायची, हा ज्यांच्या तरुणपणीचा नित्यविधी होता, त्यांना तो कसा ओळखू यावा?

मग वारस म्हणजे नेमके काय? नावाने वारस होतो, की रक्ताने, की आवाजाने?

बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबर 1956 रोजी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. दर ऑक्टोबरात तिथे लोक जमतात, पुस्तकांची दुकाने लागतात. तिथेच एका वर्षी मी मिलिंद राजाच्या प्रश्नांचे पुस्तक घेतले होते. त्या रात्री ते पुन्हा काढले. रथात बसून आलेल्या ग्रीक राजाला भिक्षू नागसेन विचारतात, रथ म्हणजे काय? चाके? आस? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. पुढे दिव्याचा दृष्टान्त येतो. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच का? एकच म्हणता येत नाही, आणि वेगळीही म्हणता येत नाही.

वाचताना मान डोलावली खरी. पण शहाणपणाला मान डोलावणे सोपे असते. घरात ते वापरायची वेळ आली की पंचाईत होते.

कारण गाडी विकायला काढली होती दादाच्या मुलाने. मी विरोध केला. चांगल्या स्थितीतल्या आरएक्सला लाखाच्या वर किंमत येते, हे ऐकून तर मला अधिकच राग आला. "तुझे बाबा असते तर..." असे मी म्हणालो. हे वाक्य मी त्याला आजवर किती वेळा ऐकवले असेल, देव जाणे! तो हळू बोलतो, दादा मोठ्याने बोलत असे. त्याला नाटकाचा नाद नाही, वेगाचा नाही. प्रत्येक वेळी मी मनाशी हिशेब मांडी आणि पोर कमी भरे.

त्या दिवशी मात्र तो शांतपणे म्हणाला, "काका, तुम्हाले गाडी नाही पाहिजे, बाबा पाहिजेत. ते मी कुठून आणू?"

वहिनी दारात उभ्या होत्या. "विकू द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "चौदा वर्षे पुसते आहे मी ती. पुसून कोणी परत येत नाही."

गाडी गेली. त्या पैशांत आणखी थोडे घालून पोराने विजेवरची स्कूटर आणली. तिला आवाज म्हणून नाहीच. मी तिच्याकडे पाहतही नसे.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणात आलो, तर शेजारची सून वहिनींजवळ बसलेली. तिच्या सासूला मध्यरात्री धाप लागली होती. आमच्या पोराने म्हातारीला मध्ये बसवले, सुनेने मागून धरले, आणि तसेच मूलच्या दवाखान्यात नेले. म्हातारीला ऑक्सिजन लावला होता. गेल्या दोन महिन्यांतली त्याची ही तिसरी खेप, हेही मला तेव्हाच कळले.

दादा अशा वेळी निघाला, की सारी आळी जागी होई. कोणाला साप चावो, कोणाच्या पोटात कळ येवो, रात्री आरएक्सची किंकाळी उठली की लोक म्हणत, निघाला! पोरगा निघाला तेव्हा भिंतीपलीकडे झोपलेल्या मलाही पत्ता लागला नव्हता. चौदा वर्षे मी कान लावून बसलो होतो, पण चुकीच्या आवाजाकडे.

गेलेल्याची आठवण ठेवणे ही कृतज्ञता आहे. पण येणाऱ्याने त्याचा मुखवटा घालूनच यावे असा हट्ट धरणे हा अन्याय आहे, आणि तो आपण बहुधा ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांच्यावरच करतो. नव्या सुनेवर, नव्या मास्तरावर, पोटच्या पोरावर. शाळेत मीही दरवर्षीच्या नव्या वर्गाला जुन्या वर्गाच्या गोष्टी सांगत आलो आहे. त्या मुलांना काय वाटत असेल, हे मी कधी विचारले नव्हते.

मी पोराची क्षमा मागितली का? शब्दांत नाही, तेवढा मोठेपणा अंगी नाही. सकाळी तो परतला तेव्हा त्याची स्कूटर मी स्वतः चार्जिंगला लावली. त्याने पाहिले, पण बोलला काही नाही.

चंद्रपूरच्या त्या गृहस्थांचा अजून अधूनमधून फोन येतो. "मास्तर, नवीची काही खबर?" मी आता त्यांना हसत नाही. फक्त मनात येते, वारस आलाच तर तो आवाज करीत येईल, असे आपल्याला कोणी सांगितले?