डोंगर मोडायचा की वळायचं?

लासलगावचा माणूस मुंबईहून रेल्वेने परततो तेव्हा कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लागतात. सदतीस मीटरला एक मीटर असा चढ, तो एकट्या इंजिनाला पेलत नाही. कसाऱ्याचा हा थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला तो बोगदे फोडून आणि दऱ्यांवर पूल बांधून. साडेपाच फुटी रुळांची गाडी फार वळत नाही, म्हणून तिथे डोंगरालाच हटावं लागलं.

नेरळ-माथेरानची तऱ्हा उलटी. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी १९०७ मध्ये सुरू केलेल्या या लाइनचा चढ काही ठिकाणी वीसला एक, म्हणजे कसाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. उटीच्या गाडीसारखा दात्यांचा रूळही इथे नाही. तरी सुमारे एकवीस किलोमीटरच्या वाटेत बोगदा एकच.

हे रुळांच्या अरुंदपणामुळे जमलं; इथे दोन रुळांत अंतर दोनच फूट. लोक तिला खेळण्यातली गाडी समजतात ते मला पटत नाही, कारण तिचं बळ तिच्या लहानपणातच आहे. भरलेली बैलगाडी सरळ चढ टाळून तिरकी जाते, तशी ही लाइन डोंगराला वळसे घालत साडेसातशे मीटर वर चढते. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं, आणि दोन्ही एकाच आसावर घट्ट बसलेली. अर्धं वर्तुळ फिरताना साडेपाच फुटी रुळांवर हा फरक सतरा फुटांचा, दोन फुटी रुळांवर जेमतेम सहा फुटांचा. चाकं तेवढी कमी घासतात. त्यात डबे आखूड, म्हणून वळण आणखी आवळता येतं.

उरला प्रश्न इंजिनाचा. सहा चाकं एका सांगाड्यात जखडली की ते अशा वळणात अडकणारच. जर्मनीच्या ओरेनश्टाइन आणि कॉपेल कंपनीच्या वाफेच्या इंजिनांत पुढच्या-मागच्या आसांभोवती पोकळ आस बसवले होते. त्यामुळे टोकाची चाकं रुळाबरोबर किंचित वळत आणि तरीही ओढत.  त्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. बघायला गेलात तर आधी वाकून चाकं बघा.

डोंगराचं ऐकणाऱ्या लाइनला त्याचं दुखणंही सोसावं लागतं. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज, म्हणजे माथेरानच्या अलीकडच्या स्टेशनापर्यंत, गाडी बंद असते. जुलै २००५ च्या पावसात दरडींबरोबर रूळच वाहून गेले, आणि लाइन पुन्हा बांधून गाडी सुरू व्हायला २००७ साल उजाडलं.