‘आपण’ आणि ‘आम्ही’ : पोलिसी व्यवहारातील एक नैतिक पेच

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन सर्वनामे आहेत : ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. पोलीस आणि समाज यांच्या संबंधाचा विचार सहसा कायदा व कार्यक्षमता या परिभाषेत होतो. त्याचा गाभा मात्र या सर्वनामभेदात असावा.

१८२९ साली रॉबर्ट पील यांनी लंडनमध्ये उभारलेले दल हे गणवेशातील नागरिकांचे, असे मानले गेले. त्याच राजसत्तेने आयर्लंडमध्ये सशस्त्र, बराकीत राहणारे दल ठेवले आणि सिंध जिंकल्यावर नेपियर यांनी तोच नमुना तेथे आणला. १८५३ मध्ये मुंबई इलाख्याने त्याचे अनुकरण केले. लंडनच्या वाट्याला ‘आपण’ आले, आपल्या वाट्याला ‘आम्ही’. जपानमध्ये ‘कोबान’ चौकीतला शिपाई घरोघरी विचारपूस करतो. तीच कृती आपल्याकडे पाळत म्हणून वाचली जाईल, कारण कृतीचा अर्थ समाजाच्या स्मृतीत ठरतो.

ही स्मृती बदलता येते काय? १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दंगलीनंतर प्रतिष्ठितांना जमवणाऱ्या शांतता समितीहून त्या वेगळ्या होत्या : शांततेच्या काळातच दोन्ही धर्मांची सामान्य माणसे आणि साधा शिपाई एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. मात्र २००६ मध्ये याच शहरात कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसा झाली. गोळीबारात दोघे आणि जमावाच्या हातून दोन पोलीस मेले. १९८८ ने कमावलेले ‘आपण’ वारशाने मिळत नव्हते. ते व्याकरणात कायम असते, व्यवहारात नव्हे.

येथवर प्रश्न विश्वासाचा वाटतो. खरी अडचण पुढे आहे. समाजाशी एकरूप झालेला पोलीस त्या समाजाचे पूर्वग्रहही आपलेसे करणार नाही काय? भिवंडी-ठाणे रस्त्यावरचे काल्हेर पाहावे. खाडीकाठच्या या गावाच्या शेतांत आज गोदामे आहेत आणि माल चढवणारे-उतरवणारे हात बव्हंशी परप्रांतीयांचे. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमातला पोलीस पाटील गावचाच रहिवासी असतो; गाव त्याला ओळखते, तो गावाला. गोदामात चोरी झाल्यावर तो ‘आपल्यापैकी कोणी नसेल’ असे म्हणतो, तेव्हा त्या ‘आपण’मध्ये भाड्याच्या खोलीतला हमाल असतो काय?