खासगीपणाचा उमाळा

दोषी ठरलेल्या बलात्काऱ्याची एचआयव्ही चाचणी करा, एवढंच तर पीडितेने मागितलं. त्यात आभाळ कोसळण्यासारखं काय होतं? पण वाहिनीवरच्या त्या चौकटींतले एक वकीलसाहेब (या चर्चा बघायच्या नाहीत असं मी दर नववर्षाला ठरवतो) चष्मा काढून, सुस्कारा टाकून म्हणाले, "तिच्या भावना समजू शकतो, पण त्याच्या खासगीपणाचं काय?"

वा! त्याला अटक झाली तेव्हा डॉक्टरांनी त्याचं रक्त घेतलं, वीर्याचा नमुना घेतला, डोक्यावरचे आणि इतर ठिकाणचेही केस घेतले, नखं कापून पाकिटात भरली आणि वर लाखेचं सील ठोकलं. डीएनए तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. हे कायद्याने होतं. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 53अ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 52 आहे. तो नाही म्हणाला तर वाजवी बळ वापरायची मुभाही त्याच कलमात आहे. तेव्हा हा खासगीपणा कुठल्या गावी गेला होता? पुढे तुरुंगाच्या दारात त्याच्या अंगावरचे तीळ आणि व्रण रजिस्टरात उतरवले गेले. त्याची पत्रं कुणीतरी वाचून मगच पुढे पाठवतो. इतकं सगळं पचवून धडधाकट राहिलेला हा खासगीपणा, तिने एका चाचणीपुरतं रक्त मागितल्याबरोबर अंथरूण धरतो!

आणि तिचा खासगीपणा? बोटं घालून करायची ती किळसवाणी 'चाचणी' सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये चुकीची ठरवली, तरी ती चालूच राहिली. 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की यापुढे जो कुणी ती करील तो गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. त्या नऊ वर्षांत खासगीपणाचा असा उमाळा किती जणांना आला होता, हे वकीलसाहेबांनी जरा आठवून पाहावं. चष्मा घालूनच पाहावं.

खर्च आणि कारागृहातल्या अपुऱ्या मनुष्यबळाचे मुद्देही कुणीतरी मांडले. ते सोडून देऊ.

गंमत अशी की साहेबांच्या बाजूने एक चांगलं कारण होतं आणि ते त्यांना सुचलंच नाही. 1989 मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलीस घेऊन गेले. त्याने रक्तदान केलं होतं आणि त्या रक्तात एचआयव्ही सापडला होता, एवढाच त्याचा गुन्हा. म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला 64 दिवस कोंडून ठेवलं. सरकारच्या हातात सक्तीची सुई दिली की ती कुठवर जाते, हे आपण तिथे पाहिलंय. म्हणूनच 2017 च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणीला मनाई केली आणि न्यायालयाच्या आदेशाची एक वाट मोकळी ठेवली. ती वाट मला पुरेशी वाटते. तिने मागावं, न्यायाधीशांनी आदेश द्यावा, निकाल तिला आणि त्याला कळावा. वाहिन्यांना नाही, गल्लीतल्या फलकबहाद्दरांना तर मुळीच नाही. सगळ्याच आरोपींना सरसकट टोचा म्हणणारे जे पुढारी परवा मोर्चात होते, त्यांना या आजाराशी काही देणंघेणं नाही. त्यांना आणखी एक शिक्षा हवी आहे, एवढंच.

पण चाचणी झाली की तिला नेमकं काय मिळणार? अमेरिकेने 1990 मध्येच राज्यांना सांगितलं होतं, पीडितेने मागणी केली तर दोषींची चाचणी करणारा कायदा करा, नाहीतर केंद्राच्या अनुदानात कपात होईल. 2005 मध्ये त्यांनाच सुधारणा करून आरोपपत्रानंतर 48 तासांत, असं म्हणावं लागलं, कारण शिक्षा होईपर्यंत चाचणीचा उपयोग संपलेला असतो. आपल्याकडे तर निकाल लागेपर्यंत वर्षं जातात. तोवर तिचं स्वतःचं रक्तच तिला खरं उत्तर देऊन मोकळं झालेलं असतं. आणि अगदी लवकर तपासलं तरी, त्याला नुकताच संसर्ग झाला असेल तर चाचणी कोरी येऊ शकते. उलट त्याच्यात विषाणू सापडला तरी तो तिच्यात गेलाच, असं नाही. तेव्हा करा एकदाची चाचणी, तिला बरं वाटत असेल तर तेवढंही पुष्कळ झालं. मी अडवणार नाही.

मला राग येतो तो दुसऱ्या घड्याळाचा. संसर्ग रोखणारी गोळी 72 तासांच्या आत सुरू करावी लागते, पहिल्या काही तासांत मिळाली तर उत्तम, आणि मग 28 दिवस रोज. त्यासाठी त्याच्या रक्ताच्या अहवालाची वाट पाहायचीच नसते. एका तालुक्याच्या गावी मी रात्री रुग्णालयात बसलो होतो, दुसऱ्याच कामासाठी. एक आई मुलीला घेऊन आली. खिडकीतून ऐकू आलं, "पोलीस केस आहे ना? यादी घेऊन या. आणि आधारची झेरॉक्स." (यादी म्हणजे पोलिसांचं पत्र. आणि या देशात झेरॉक्स दिल्याशिवाय माणसाला आजारीही पडता येत नाही.) गोळ्या होत्या. त्या कपाटात होत्या, कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली घेऊन औषधनिर्माते संध्याकाळी घरी गेले होते. नर्सबाईंनी त्यांना फोन लावला, तीनदा. त्यांनी तो उचलला नाही. मोर्चातल्या एकाही फलकावर या किल्लीबद्दल काही लिहिलेलं मला दिसलं नाही, आणि चौकटीतल्या साहेबांनाही ती आठवली नाही.

म्हणून त्या खिडकीशी उभं राहण्याची वेळ कुणावर आली तर त्यांच्यासाठी सांगून ठेवतो. लैंगिक अत्याचारानंतर उपचार मिळायला पोलिसांची यादी लागत नाही, तक्रार नोंदवलेली असावी लागत नाही. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने ताबडतोब आणि फुकट उपचार करायचे आहेत. पोलिसांना कळवणं हे रुग्णालयाचं काम आहे, आईचं नाही. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 397 असं सांगतं. आणि उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला न्याय संहितेच्या कलम 200 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.